घरच्या बैलाचं पोट

माझ्या सासऱ्यांशी मी पाच वर्षं बैलामार्फत बोलले. यात थट्टा नाही. सुनेनं सासऱ्यासमोर उभं राहून बोलायची आमच्याकडं पद्धत नव्हती. इतर घरांत मध्ये सासू असायची, ती इकडचं तिकडं पोचवायची. माझी सासू मी यायच्या आधीच गेलेली. नवरा दिवसभर कामावर. घरात उरलो आम्ही दोघं, आणि कुडापलीकडं गोठ्यात पांढरा बैल. भाकरी झाली की मी गोठ्याच्या दारात उभी राहून त्याला सांगायचे, "भाकरी निवून चाललीया रं बाबा." ओट्यावर बसलेले सासरे त्यालाच उत्तर द्यायचे, "आलो म्हनावं. आन् कालच्यावानी मीठ इसरू नगं म्हनावं." बैल दोघांकडं आळीपाळीनं बघायचा आणि रवंथ करत राहायचा. त्या जनावराला आमच्या घरातलं सगळं ठाऊक होतं. मला दिवस राहिले तेव्हाही ते आधी त्यालाच कळलं.

घर काळेवाडीत, पवनेच्या अलीकडं. माझं माहेर पुनावळ्याचं, दोन कोसांवर, तरी वर्षातून दोनदाच जाणं व्हायचं. शेत मात्र नदीपलीकडं, पिंपरीच्या माळाला होतं. तिथं सरकारचा औषधांचा कारखाना उभा राहायचं ठरलं आणि शेत त्यात गेलं. मोबदला मिळाला, नवऱ्याला तिथंच नोकरी लागली, तेव्हा रडायला तोंड नव्हतं. पण सासऱ्यांच्या हातांना एकाएकी काम उरलं नाही. साठीचा माणूस, सकाळी उठून कासरा हातात घ्यायचा आणि परत खुंटीला अडकवायचा. मला ते बघवत नसे. दोन बैलांतला एक त्यांनी मावळातल्या पाहुण्याला दिला. पांढरा म्हातारा होता, त्याला कोण घेणार? तो राहिला. त्याला आम्ही नुसतं 'घरचा' म्हणू लागलो, कारण लवकरच गोठ्यात बाजारचे आले.

बाजारचे म्हणजे चाकणच्या बाजारातून आणलेले. थकलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात असे बैल सासरे स्वस्तात आणायचे, तीन-चार महिने पेंड आणि दाणा घालून भरवायचे आणि मग एक व्यापारी येऊन घेऊन जायचा. व्यापारी लष्कराच्या छावणीला माल पुरवायचा. माल म्हणजे काय ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी तोंडानं म्हणत नव्हतं. विहिरीवर बायका मला विचारायच्या, "तुमच्या गोठ्यात हल्ली पाव्हणे लई येत्यात, जात्यात कुठं गं?" मी घागर उचलून चालू लागायचे. मनातून मात्र मला सासऱ्यांचा राग यायचा. शेतकऱ्यानं हे करावं का, असं वाटायचं. पण त्याच पैशाचं तेल-मीठ घरात येत होतं, तेव्हा माझा राग चुलीपर्यंतच.

पहिल्याच खेपेला एक बैल फुगला. सासऱ्यांनी ताथवड्याच्या सरकारी गोठ्यावरून डॉक्टरला बोलावून आणलं. सायकलवर आलेला तरुण माणूस, बोलणं पुणेरी. त्यानं बैलाला तेल पाजलं, पोट चोळलं, तासाभरात बैल मोकळा झाला. मग तो हात धूत असताना मी पदराआडून विचारलं, गवत खाऊन एवढं मोठं जनावर होतं तरी कसं? प्रश्न बैलाला होता, पण डॉक्टर भोळा, त्यानं तो स्वतःला घेतला.

"बाई, बैल गवत खातच नाही," तो म्हणाला. "गवत खातात त्याच्या पोटातले जंतू. डोळ्याला दिसत नाहीत, पण कोटीनं असतात. बैल त्यांना चारतो, ते गवत कुजवतात, वाढतात, आणि मग बैल त्यांच्यावर जगतो. हा खरं तर चालता-बोलता रांजण आहे. इथं कान लावून बघा."

मी घरच्याच्या डाव्या कुशीला कान लावला. आधी काही नाही. मग लांबून जातं ओढत आणावं तसा आवाज आला, वाढला, ओसरला. थोड्या वेळानं पुन्हा. ज्याच्याशी मी रोज बोलत होते त्याच्या आत एवढी वस्ती नांदत होती आणि मला पत्ता नव्हता.

डॉक्टरनं सासऱ्यांना बजावलं, "या बाजारच्यांना दाणा मुठीमुठीनं वाढवा. दोन-तीन आठवडे लागू द्या. गवतावर जगणारे जंतू वेगळे, दाण्यावरचे वेगळे. दाण्याचे हळूहळू वाढले तर बैल पोसतो. एकदम पाटीभर दाणा ओतलात, तर आंबवणारे तेवढे माजतात आणि बाकीचे मरतात. पोटात दही लागतं म्हणा ना. पुढं तो आंबटपणा रक्तात जातो. मग माझा इलाज नाही."

सासरे "व्हय, व्हय" करत होते, पण त्यांचं लक्ष बैलाच्या खुरांकडं होतं. मी मात्र शब्द न् शब्द ऐकला. पोटात दही लागणं मला समजत होतं. विरजण जास्त पडलं, ऊन लागलं की दह्याचं काय होतं ते मी रोज बघत होते. नवराही त्याच सुमारास कारखान्यातल्या टाक्यांचं सांगायचा, औषध देणाऱ्या बुरशीला साखर पाजायची, ऊब राखायची, परका जंतू आत जाऊ द्यायचा नाही. मी त्याला म्हटलं, तुमच्या टाकीला चार पाय नाहीत एवढाच फरक. तो हसला आणि झोपी गेला.

अशा तीन खेपा गेल्या. बाजारचे येत, भरत, जात. घरचा कडबा आणि नदीकाठचं गवत खात होता, दाण्याला त्याचं तोंड लागत नव्हतं. सासरे त्याच्यापुढं दाण्याची पाटी कधी ठेवत नसत. मला त्यातच सगळं समजायला हवं होतं.

चौथ्या खेपेचे तीन बैल तयार होत आले तेव्हा भादवा चालू होता. व्यापारी बघायला आला. बाजारच्या तिघांच्या शेपटीच्या मुळाशी, छातीखाली तो चिमूट घेऊन चरबी बघत होता. मग सहज सरकत घरच्याजवळ गेला आणि त्याच्याही शेपटीच्या मुळाशी त्यानं तशीच चिमूट घेतली. मी कुडाच्या फटीतून बघत होते. तो सासऱ्यांना हळू आवाजात काहीतरी म्हणाला. सासरे बोलले ते मला ऐकू आलं नाही. दोघं बोलत बोलत नदीकडं गेले आणि बऱ्याच वेळानं सासरे एकटे परत आले. त्या दिवशी ते बैलाशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बघितलं, सासऱ्यांनी घरच्यापुढं मूठभर बाजरी टाकली. चौथ्या दिवशी दोन मुठी. पाचव्या दिवशी पुन्हा. मुठीमुठीनं वाढवायचं, डॉक्टरनं सांगितलं होतं तसंच. मी भांडी घासत होते, हातातलं घासायचं थांबलं. त्याला भरवायला घेतलं होतं. त्या घराण्यात वीस उन्हाळे ओढलेला बैल माल झाला होता.

विचारावं तर कोणामार्फत? एरवी सगळं बैलाला सांगता येत होतं. पण तुला कसायाला देणार आहेत का रे, हे त्यालाच कसं विचारायचं? दोनदा मी गोठ्याच्या दारापर्यंत गेले. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि मी "पानी पिलास का" एवढंच म्हणून परत फिरले. सासरे ओट्यावरच होते. एक वाक्य, पाच पावलं. पण जमलं नाही ते नाहीच. आजच्या मुलींना हे सांगितलं की त्या म्हणतात, आजी, तोंड होतं ना तुम्हाला? होतं. पण तोंड असणं आणि उघडणं यात तेव्हा मैलांचं अंतर होतं.

नवऱ्याला म्हटलं, तुम्ही विचारा. तो दुसऱ्या पाळीवर निघाला होता, चपला शोधत होता. म्हणाला, "इकनारच की. म्हाताऱ्या बैलाला ठेवून काय पूजा करायचीय?" त्याला काही ठाऊक नव्हतं, त्यानं आपलं ठोकून दिलं. मला ते पक्कं झालं.

आमच्याकडं पोळा भादव्यातल्या अमावास्येला. त्याच दिवशी सर्वपित्री. म्हणजे एका घरात पितरांचं पान आणि बैलांची पोळी एकाच तव्यावरची. दुसऱ्या दिवशी घट बसायचे, आणि त्याच दिवशी व्यापारी बैल न्यायला येणार होता. सण आणि जाणं यांच्यात एक रात्र.

मी ठरवलं. डॉक्टरचंच शिकवणं उलटं वापरायचं. दाणा एकदम जास्त झाला की पोट बिघडतं, बैल रवंथ सोडतो, पातळ शेण टाकतो. असा बैल कुठला व्यापारी नेईल? वाटेत मेला तर त्याचं नुकसान. दोन दिवस त्याला बरं नसलं की काम होणार होतं. मग मी ताक-सोडा पाजून सावरून घेणार होते. थोडंच बिघडवायचं होतं. आम्ही बायका मिठापासून विरजणापर्यंत सगळं अंदाजानं घालतो आणि ते बरोबर येतं. मला वाटलं, हेही तसंच.

पोळ्याला पहाटे मी पुरण शिजवलं. घरी मोठी माणसं तीन आणि पोळ्या केल्या पंचवीस. त्यातल्या सोळा मी घरच्यासाठी वेगळ्या काढल्या. आदल्या दिवसापासून ज्वारी भिजत घातली होती, चांगली पाच शेर, त्यात गूळ कालवला. सासरे बाजारच्या तिघांना नदीवर धुवायला घेऊन गेले तेव्हा घरचा अंघोळ करून दावणीला उभा होता. शिंगांना हिंगूळ लावलेला, पाठीवर जुनी झूल. मी पाटी पुढं ठेवली. त्यानं आधी वास घेतला, मग माझ्याकडं बघितलं. "खा," मी म्हटलं, "तुझ्याच भल्याचं हाय." त्यानं पाटी चाटूनपुसून संपवली. मग पोळ्या. एकेक पोळी मी हातानं दिली. त्याची जीभ माझ्या मनगटाला लागत होती. सोळावी देताना मला भीती वाटली आणि तरी मी दिली.

दुपारी मारुतीला फेरी निघाली. तिथं दारोदार बायका बैलांच्या पायावर पाणी घालून पोळी भरवायच्या. मी ते हिशेबात धरलंच नव्हतं. दरवर्षीचा सण, आणि नेमका तोच माझ्या डोक्यातून गेला. घरच्याला तर सगळ्या गावानं ओळखलेलं, गावातला सगळ्यात जुना बैल तो, त्याला प्रत्येक दारात पोळी. मी लांबून बघत होते आणि मनात म्हणत होते, पुरे, बायांनो, पुरे. कोणाला अडवू शकत नव्हते. सणाच्या दिवशी बैलाच्या तोंडची पोळी कोण काढून घेईल?

सकाळी घट बसायच्या वेळी गोठ्यातून आंबट वास आला. फार दिवसांच्या ताकाला येतो तसा. घरचा उभा होता, पण पाय फाकून, झिंगल्यासारखा. दात खात होता. खाली शेण नव्हतं, राखाडी पातळ कण्या होत्या, आणि त्यात ज्वारीचे अख्खे दाणे. मी घाईघाईनं पाणी ओतून ते दाणे धुऊन काढले. मग कुशीला कान लावला. जात्याचा आवाज नव्हता. कितीतरी वेळ कान लावून बसले, आत नुसतं पाणी डचमळत होतं.

व्यापारी आला. त्यानं घरच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ह्याला काय झालं?" सासरे फाडकन म्हणाले, "तुला काय करायचंय त्याचं? तुझे तीन सोड आन् चालू लाग." व्यापाऱ्यानं तीन सोडले आणि गेला. मला आज सांगायला लाज वाटते, पण त्या घडीला मला आनंद झाला. चुलीपाशी जाऊन मी हात जोडले. माझं काम झालं होतं.

मग मी ताक-सोडा घेऊन गेले. त्यानं तोंड फिरवलं. दुपारपर्यंत तो खाली बसला, मान वळवून डाव्या कुशीवर ठेवून. डोळे खोल गेले होते. सासरे स्वतः ताथवड्याला चालत गेले आणि डॉक्टरला घेऊन आले. त्यानं कुशीत मूठ दाबली, ती कणकेत रुतावी तशी रुतली. शेण बोटावर घेऊन वास घेतला. बांबूच्या नळीनं सोडा पाजला. मग उठून म्हणाला, "काय खाल्लं यानं? आणि किती? नीट सांगा, त्यावर पुढचं ठरेल. फार असेल तर आत्ताच पोट उघडून ते बाहेर काढावं लागेल."

सासरे म्हणाले, "सनाचं खानं, सायेब. पोळ्या. वाईच बाजरी."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी पदर पुढं ओढला. सोळा पोळ्या आणि पाच शेर ज्वारी, एवढे शब्द होते. सासरे शेजारी उभे होते. मी खाली मान घालून बैलाच्या शिंगावरचा हिंगूळ बघत राहिले.

"एवढ्यानं असं व्हायला नको," डॉक्टर म्हणाला. "म्हातारा आहे, फाडायला नको मग. सोडा चालू ठेवा, बघू." बाजारचे बैल असते तर त्यांच्या तोंडातला रवंथ काढून याला चारता आला असता, त्यातले जंतू याच्या पोटात पुन्हा नांदले असते, असंही तो म्हणाला. पण आमचा गोठा रिकामा होता, आणि गावातले बैल सणाच्या पोळ्यांनी जड झालेले, त्यांचा रवंथ नको म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरचा गेला. सासऱ्यांनी त्याचं कातडं कोणाला काढू दिलं नाही. चार माणसं लावून नदीच्या वरच्या अंगाला खड्डा केला, मीठ घातलं आणि झुलीसकट पुरला. परत आले, पाय धुतले आणि ओट्यावर न बसता थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी धडपडत उठले, पदर सावरला. पाच वर्षांत ते त्या दारात कधी आले नव्हते.

"पोरी," ते म्हणाले. "आता तुझ्यासंगंच बोलावं लागंल."

मी भिंतीकडं तोंड करून उभी होते.

"त्यो यापारी चौघं मागत व्हता. मी सांगितलं, तीन नेत असशील तर ने, न्हाईतर मोकळा जा. ह्यो न्हाई. ह्यो इथंच मरंल म्हनलं." त्यांनी चौकट धरली. "सनाला अंगावर तेज यावं म्हनून आठ दिस मूठमूठ बाजरी दिली. आन् सनाच्या सकाळी शेरभर घातली, तू चुलीपाशी व्हतीस तवा. तू किती घातलंस त्याला?"

बाहेर रिकाम्या दावणीवर माशा घोंगावत होत्या.

"दोन पोळ्या," मी म्हटलं. "सनाच्या."

ते मान हलवून म्हणाले, "म्हंजी माझ्याच हातानं गेला."

शेरभर बाजरीनं बैल मरत नाही. आठ दिवस मूठमूठ खाल्ल्यावर तर नाहीच. हे मला ठाऊक होतं, कारण डॉक्टरचं बोलणं मी ऐकलं होतं. सासऱ्यांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांचं लक्ष तेव्हा बैलाच्या खुरांकडं होतं. ते वळले, ओट्यावर जाऊन बसले आणि उजव्या हाताचा तळवा उघडून त्याकडं बघत राहिले.

त्यांनी त्यानंतर बैल आणला नाही, बाजारचा नाही की घरचा नाही. पोळ्याला ते गाव सोडून पाहुण्यांकडं जायचे. माझ्याशी मात्र रोज बोलायचे, समोरासमोर, अगदी मुलीशी बोलावं तसं. असे ते बारा वर्षं जगले. मला खरं सांगायला बारा वर्षं मिळाली होती.